गोळीचं नाव

आमच्या मराठी मंडळाने डॉक्टरसाहेबांचा सत्कार ठरवला आणि मानपत्र कोणी लिहायचं असा प्रश्न आला, तेव्हा मी हात वर केला. सगळ्यांना नवल वाटलं. कित्येक वर्षं मी कुठल्याच कार्यक्रमात पुढे होत नव्हते. अध्यक्षबाई काळजीने म्हणाल्या, "वहिनी, झेपेल ना तुम्हाले? डोकं दुखते म्हणता." मी म्हटलं, झेपेल. या एका कामासाठी मी तापाने फणफणत असते तरी उठून आले असते. त्यांना त्या माणसाचा सत्कार करायचा होता आणि मलाही त्याचा सत्कारच करायचा होता, फक्त माझ्या पद्धतीने.

आता हा राग कशाचा, ते आधी सांगते.

रायपुरात आम्ही विदर्भातले मराठी लोक दोन-तीन पिढ्यांपासून आहोत. कोणाचे सासरे रेल्वेत होते, कोणाचे वडील सरकारी कचेरीत. त्यामुळे इथे कोणी मराठीत बोललं की तो अर्धा नातेवाईकच होतो. डॉक्टरसाहेब असेच आमचे. दवाखाना चौबे कॉलनीत, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. त्यांचा एक रिवाज होता. आपल्या माणसाकडून फी घ्यायची नाही आणि त्याला चिठ्ठीही लिहून द्यायची नाही. बाहेर बाकावर बाकीचे लोक तासन्‌तास बसलेले असायचे, आपण दारातून नमस्कार केला की आत बोलावणं यायचं. मग ते खण उघडून सुट्या गोळ्या काढायचे, कागदाच्या पुडीत बांधायचे आणि म्हणायचे, "आपल्या माणसाले चिठ्ठी काय लिहून द्यायची? पांढरी सकाळी, पिवळी रात्री." आम्हाला त्याचा केवढा मान वाटायचा! चिठ्ठी परक्यांना, पुडी आपल्याला. फुकट मिळालेल्या गोळीचं नाव विचारायचं नसतं, हे कोणी शिकवलं नव्हतं, तरी आम्ही सगळे ते पाळत होतो.

त्या काळी मी गुढियारीतल्या एका शाळेत गणित शिकवत होते. भरलेले वर्ग, पत्र्याचं छप्पर, बाजूलाच मालधक्का, ट्रकांचे भोंगे. दुपार झाली की डाव्या डोळ्याच्या मागे ठणका सुरू व्हायचा. उजेड सहन होत नसे, कधी ओकारी यायची. रात्री झोप नाही. आणि मी तापट होते, हे लपवत नाही. मुख्याध्यापकांशी भांडायची, भाजीवाल्याशी भांडायची, घरी आमच्या ह्यांच्याशी तर रोज. हे मला न विचारता सगळं ठरवायचे. मुलीची शाळा कोणती, सुटीत कोणाकडे जायचं, घरी किती पाहुणे राहणार. मी कुठलीच गोष्ट सोडत नसे. आवाज चढवल्याशिवाय आपलं कोणी ऐकत नाही हे मी लहानपणीच शिकले होते, आणि आवाज माझा चांगला होता.

हेच मला पहिल्यांदा डॉक्टरसाहेबांकडे घेऊन गेले. साहेबांनी माझं ब्लडप्रेशर पाहिलं आणि प्रश्न सगळे ह्यांना विचारले. झोपते का? चिडते का? जेवण कसं आहे? मी मध्ये खुर्चीवर बसलेली, आणि उत्तरं हे देत होते. मग साहेब माझ्याकडे वळून हसले. "वहिनी, काहून एवढं टेन्शन घेऊन राहिल्या? बाईमाणसानं थोडं शांत राहावं." पुड्या मिळाल्या. त्या रात्री मी मेल्यासारखी झोपले आणि सकाळी त्या माणसाला मनातून आशीर्वाद दिले. ते आशीर्वाद परत घेण्याची काही सोय असती तर मी पहिल्या रांगेत उभी राहिले असते.

पुढे काय झालं, ते हळूहळू झालं म्हणून कळलं नाही. आधी आठवड्यात दोनदा दुखणारं डोकं रोज दुखू लागलं. पांढरी गोळी घेतली की दुपारपर्यंत बरं, मग पुन्हा ठणका. पुडीतल्या गोळ्या वाढल्या. पिवळीही वाढली. दिवसभर डोक्यावर ओलं पोतं टाकल्यासारखं वाटायचं. फळ्यावर उदाहरण सोडवताना मधलीच पायरी विसरायची आणि पोरं हसायची. एकदा वर्गातच खुर्चीवर झोप लागली. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं, तेव्हा मी भांडलेसुद्धा नाही. राजीनामा लिहिला आणि घरी आले. सगळ्यांनी कौतुक केलं. वहिनी किती शांत झाल्या म्हणाले. हळदीकुंकवाला बायका एकमेकींना सांगायच्या, पहा, आधी कशी होती अन् आता कशी गाईसारखी झाली.

दवाखान्यात जाणंही मी सोडलं होतं, कारण गरज उरली नव्हती. हे शहराबाहेर, उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलच्या ऑफिसात होते. संध्याकाळी लोखंडाची धूळ घेऊन स्कूटरवर परत यायचे, वाटेत दवाखान्यातून पुडी घ्यायचे. चहाच्या कपाशेजारी पुडी आणि पाण्याचा पेला ठेवायचे. दहा-बारा वर्षांत एकदाही चुकले नाहीत. मी चार बायकांत मिरवून सांगायची की आमचे हे माझी गोळी कधी विसरत नाहीत. ते वाक्य आज आठवलं की माझी मलाच चीड येते.

मग मुलीची बँकेतली बदली रायपूरला झाली आणि ती घरी राहायला आली. ती मराठी समजते, उत्तर मात्र हिंदीत देते. एका सकाळी तिने पुडी उघडून पाहिली.

"मम्मी, ये कौन सी दवा है?"

"डॉक्टरसाहेबांची."

"नाम क्या है?"

"पांढरी," मी म्हटलं.

ती हसली. मग माझं तोंड पाहून तिचं हसू गेलं. "दस साल से खा रही हो और नाम नहीं पता?" ती माझ्यावर ओरडली. घरात कोणीतरी पुन्हा ओरडत होतं, याचं मला खरं तर बरं वाटलं.

दुसऱ्या आठवड्यात ती मला मोठ्या सरकारी इस्पितळात घेऊन गेली. हेही सोबत आले. सकाळपासून रांग, मग एका खोलीत तीन टेबलं आणि तिन्ही टेबलांवर डॉक्टर. आमच्या वाट्याला जी डॉक्टर आली ती माझ्या मुलीच्याच वयाची होती, बोलण्यावरून इथलीच, मध्ये मध्ये छत्तीसगढीत "हव, हव" असा होकार भरणारी. तिने विचारलं, दुखणं कधी सुरू झालं. हे बोलू लागले. तिने हात वर केला. "अंकल, इनको बोलने दीजिए ना." आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या डोक्याबद्दल मला विचारत होतं. मला रडू आलं आणि रडण्यात तिचा वेळ जातोय म्हणून लाजही वाटली.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि साध्या भाषेत सांगितलं. हे मूळचं मायग्रेन. पण दुखण्याची गोळी रोज खाल्ली की ती गोळीच रोजचं दुखणं देते. आणि झोपेची जी काही गोळी चालू आहे तिची सवय लागली आहे. दोन्ही बंद करायच्या, पण झोपेची गोळी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. नाव कळलं पाहिजे, ताकद कळली पाहिजे, मग ती उतरत्या पायरीने कमी करता येईल. मी पुडी पुढे केली. तिने गोळी हातावर घेऊन उलटसुलट पाहिली. "ऐसी सफेद-पीली गोली तो हजारों हैं, आंटी. मैं अंदाज से कुछ नहीं करूँगी. जाके नाम पूछ के आइए."

एवढंच काम होतं. एका माणसाकडून दोन नावं आणायची.

हे म्हणाले, मी विचारतो. पहिल्या दिवशी येऊन सांगितलं, गर्दी होती. दुसऱ्या दिवशी म्हणे साहेब नागपूरला गेले. मग म्हणे विसरलो. मला धीर धरवेना. मी चिडून एका सकाळी दोन्ही पुड्या कचऱ्यात टाकल्या. तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, छाती धडधडू लागली आणि मी बाथरूममध्ये पडले. मुलगी घाबरून मला पुन्हा त्या डॉक्टरकडे घेऊन गेली. ती मला इतकं रागावली की सांगता सोय नाही. पडल्याच्या जखमेला टाके आणि गोळ्या पुन्हा सुरू, असं घेऊन मी परत आले. म्हणजे गोळी घेतली तर डोकं फुटणार आणि सोडली तर जीव जाणार. माझं बरं होणं त्या माणसाच्या जिभेवर अडकून पडलं होतं.

शेवटी मी स्वतः दवाखान्यात गेले. नमस्कार केला, आत बोलावणं आलं. मी नावं विचारली.

"कोण बोललं तुम्हाले नाव विचाराले?"

मी इस्पितळाचं सांगितलं. त्याचा चेहरा बदलला. "इतक्या वर्षांचा विश्वास, वहिनी, अन् आता सरकारी दवाखान्यात जाऊन माझी परीक्षा घेऊन राहिल्या?"

"परीक्षा नाही. फक्त नाव सांगा."

त्याने फोन उचलला आणि माझ्या नवऱ्याला लावला. "भाऊ, या जरा. वहिनींची तब्येत बरी नाही दिसत. घेऊन जा." मी समोर बसलेली आणि हा माणूस माझ्या नवऱ्याला माझा ताबा घ्यायला बोलावत होता. हे आले. बाहेरच्या बाकावरचे लोक पाहत होते. मला स्कूटरवर बसवून घरी आणलं. आठवड्याभरात मंडळात कुजबुज झाली की वहिनींच्या डोक्यावर परिणाम झाला. ती कोणी सुरू केली, हे मला विचारायची गरज नव्हती.

त्या दिवशी मी ठरवलं की याला सोडायचं नाही. पोलीस, तक्रार, कोर्ट यांतलं काही मला जमणारं नव्हतं. पण हा माणूस कशाला भितो हे मला ठाऊक होतं. चार मराठी माणसांत मान खाली जाण्याला. आणि पुढच्याच महिन्यात मंडळाने त्याचा सत्कार ठरवला.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. सांबारवडीचा आणि वडाभाताचा वास हॉलभर पसरलेला. मी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून गेले. मानपत्र मी खरंच छान लिहिलं होतं. परमुलखात आपल्या माणसांना धीर देणारे, रात्री-अपरात्री धावून येणारे, कोणाकडून एक छदाम न घेणारे. दर वाक्याला टाळ्या. पहिल्या रांगेत मुलगी होती, मागे पाण्याच्या टाकीजवळ पेले मांडत हे उभे होते. शेवटचं वाक्य झालं तरी मी माईक सोडला नाही.

"यात एक उणीव राहिली," मी म्हटलं. "साहेबांनी मला दहा-बारा वर्षं दोन गोळ्या दिल्या. मला त्यांचं नाव या मानपत्रात लिहायचं आहे. ते साहेबांनीच सांगावं."

लोक आधी हसले, त्यांना ती गंमत वाटली. साहेबही हसले. मी त्यांच्यापुढे माईक धरला. ते म्हणाले, "वहिनींची तब्येत आजकाल जरा..."

"तब्येतीचं मी सांगते. तुम्ही नाव सांगा."

"इथं काहून? दवाखान्यात या ना."

"दवाखान्यात आले होते. तिथे तुम्ही माझ्या नवऱ्याला बोलावलं. इथे तर ते आहेतच."

मधूनच एका म्हातारबाईचा आवाज आला, "अन् मले गुलाबी देता ते कायची व्हय, साहेब?" मग आणखी एक जण बोलला. मला इतका आनंद झाला की काय सांगू. त्याच्या कपाळावर घाम दिसत होता आणि तो मला जवळून पाहायला मिळत होता. इतकी वर्षं बधिर पडलेलं काहीतरी माझ्यात जागं झालं होतं. मी पुन्हा म्हटलं, "नाव."

तो भडकला. माझ्या हातातून माईक ओढून घेतला आणि मागे पाहून ओरडला, "भाऊ, आता तुम्हीच सांगा ना! काहून तोंड लपवून राहिले? मी दोनदा म्हटलं होतं, आता कमी करू. तुम्हीच म्हणाले, नको साहेब, घरात शांती आहे, चालू द्या. नाव सांगू नका म्हणून कोणी सांगितलं? मी की तुम्ही?"

आणि मग त्याच माईकवर, रागाच्या भरात, त्याने दोन्ही नावं सांगितली, ताकदीसकट. मुलीने ती फोनमध्ये लिहून घेतली. जे मिळवायला मी आले होते ते मला मिळालं होतं. मी मागे पाहिलं. ह्यांच्या हातात स्टीलचे पेले होते आणि ते त्या पेल्यांकडेच पाहत होते. त्यांनी नाही म्हटलं असतं, खोटं का होईना, तरी चाललं असतं. शाल मात्र मी साहेबांना घातली. चांगली घट्ट गुंडाळली.

घरी आल्यावर मुलगी तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. हे सोफ्याच्या कडेवर बसले.

"मी उरल्याहून थकून येत होतो," ते म्हणाले. "तू रोज भांडत होती. गोळी घेतली की तुले आराम पडत होता."

"मले की तुम्हाले?"

"तुलेच. मले वाटलं तुलेच."

"मग नाव काहून लपवलं?"

ते रडू लागले. मला जराही दया आली नाही. माझी शाळा गेली, माझं गणित गेलं, मुलीचं कॉलेज कधी संपलं ते मला धड आठवत नाही. आणि ही सगळी वर्षं मी या माणसाचे आभार मानत होते. डॉक्टर तर परका होता. हा माणूस रोज संध्याकाळी पेला भरून आणत होता.

डॉक्टरांचं म्हणाल तर दवाखाना चालू आहे. पण आमचे लोक आता चिठ्ठी मागतात आणि तो दात-ओठ खात लिहितो. कोणाला त्याचं अक्षर लागत नाही, पण मागतात. त्याच्यावरचा माझा सूड निम्मा फिटला आहे, आणि उरलेल्या निम्म्यात मला आता फारसा रस नाही. माझा हिशेब दुसरीकडे आहे.

मी घर सोडलं नाही. जायचं तर त्यांनी जावं. गोळ्या उतरत्या पायरीने कमी होऊ लागल्या. पहिले काही महिने फार वाईट गेले. मग हळूहळू आवाज परत आला. इस्पितळात महिन्यातून एकदा दाखवायला जावं लागायचं. पहिल्यांदा मुलीला सुटी मिळाली नाही म्हणून हे सोबत आले. सरकारी इस्पितळात डॉक्टर बदलत असतात. ती पहिली मुलगी दुसऱ्या विभागात गेली होती आणि तिच्या जागी एक नवा होता. नवा डॉक्टर सगळी हकीकत पहिल्यापासून विचारतो. त्याने विचारलं, "नींद की गोली घर में कौन देता था?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. ह्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टरनेही पाहिलं.

"मैं," हे म्हणाले.

"आपको पता था क्या गोली है?"

"हाँ."

"इनको पता था?"

खोलीत तीन टेबलं, प्रत्येक टेबलाभोवती माणसं, बसायला जागा नाही म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले लोक. "नहीं," हे म्हणाले. डॉक्टरचा पेन थांबला. शेजारच्या टेबलावरच्या एका बाईने मान वळवून ह्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मी मांडीवर हात ठेवून शांत बसले होते.

त्यानंतर मी मुलीला कधी सोबत घेतलं नाही. तिने म्हटलं, मम्मी मैं चलती हूँ, तर मी म्हणते, राहू दे, तुझ्या बाबांना सवय आहे माझ्या औषधांची. ह्यांनी दोनदा सुचवलं की एखादा खासगी डॉक्टर पाहू, तिथे गर्दी नसते, दरवेळी तोच माणूस भेटतो. मी म्हटलं, मले सरकारीच मानवते. दर एक-दोन महिन्यांनी टेबलामागे नवा चेहरा असतो. तो विचारतो, गोली कौन देता था. मी गप्प बसते. ह्यांना बोलावं लागतं. आता ते प्रश्न यायच्या आधीच रुमाल काढून चेहरा पुसतात.

मागच्या खेपेला एक नवी डॉक्टर होती, फार चांगली. तिने सगळं ऐकलं, ह्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग कागद पाहून म्हणाली की गोळ्या तर पूर्ण बंद झाल्या आहेत, आता दुखत नसेल तर पुन्हा यायची गरज नाही. हे खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने लग्नाच्या इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

दोनेक महिने झाले, माझं डोकं दुखलेलं नाही. झोपही लागते. मी डॉक्टरला म्हटलं, अजून थोडं दुखतं. तिने पुढच्या महिन्यातली तारीख दिली.